लिंबच्या विहिरीचे पाणी : दोन थर ओतून झाले

सातारा जिल्ह्यातील लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीची १:१०० प्रमाणातील प्रतिकृती आता पाण्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेल्या या अष्टकोनी विहिरीचा व्यास सुमारे ५० फूट सांगितला जातो. मॉडेलमध्ये तो साधारण १५ सेंटिमीटर होतो आणि पाण्यासाठी ओतायच्या रेझिनच्या (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा पारदर्शक द्रव) ३ मिलिमीटरच्या एका थराला सुमारे ६० मिलिलीटर मिश्रण पुरते.

विहिरीचे पाणी करताना रेझिनपेक्षा तळाच्या रंगकामाला अधिक वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. रेझिन पारदर्शकता देते. खोलीचा भास मात्र त्याच्याखालचा रंग निर्माण करतो. म्हणून पाण्याखाली खोटा तळ बसवून तो मध्यभागी जवळजवळ काळा आणि भिंतींकडे येताना शेवाळी हिरवा होत जाईल असा रंगवला आहे. बुडालेल्या पायऱ्यांपैकी वरच्या दोन स्पष्ट दिसतात, तिसरी अंधुक होते आणि चौथी केवळ असल्यासारखी वाटते. पाण्यालगतचे दगड नेहमी ओले, गडद असतात. तो पट्टा रंगवला नाही, तर पाणी कितीही स्वच्छ उतरले तरी वरून ठेवल्यासारखे दिसते.

भिंती थर्माकोलवर प्लास्टर चढवून केल्या असल्याने त्यांवर आधी वॉर्निशचे दोन हात दिले, कारण सच्छिद्र पृष्ठभागातून सुटणारी हवा रेझिन घट्ट होईपर्यंत बुडबुडे सोडत राहते. माझ्याकडील रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण आकारमानाने २:१ आहे; ते वजनाने मोजल्यास दोन्हींच्या घनतेतील फरकामुळे चुकते, तेव्हा बाटलीवरील सूचना नीट वाचावी. जाड थर एकदम ओतल्यास रासायनिक क्रियेची उष्णता आतच कोंडते, त्यामुळे तडे किंवा पिवळेपणा येऊ शकतो आणि थर्माकोलही वितळू शकते. पहिला थर बोटाला चिकट लागत होता, पण बोटावर येत नव्हता, तेव्हा दुसरा ओतला. त्या अवस्थेत दोन्ही थर एकजीव होतात. दुसऱ्या थरात हिरव्या अल्कोहोल इंकचा (अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या पातळ रंगाचा) काडीच्या टोकावर येईल एवढाच अंश घातला. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी, हे सांगायला नकोच. मात्र भर पावसाळ्यात दमट हवेने पृष्ठभागावर मेणचट साय धरते, म्हणून ओतकाम कोरड्या दिवशी करणे बरे.

कडेला मिश्रण दगडांवर किंचित चढले आहे. ती चकाकी मॅट वॉर्निशने मोडता येईल. आणखी एक बिनरंगाचा थर द्यायचा आहे. त्यानंतर एका मोटेखाली पाणी हलल्याचे दाखवण्यासाठी ॲक्रिलिक ग्लॉस जेलची (सुकल्यावर पारदर्शक आणि चकचकीत होणाऱ्या जाडसर माध्यमाची) वर्तुळे काढणार आहे. बाकीचे पाणी संथच ठेवायचे आहे. एवढ्या खोल विहिरीत वारा पोहोचत नाही, तेव्हा सगळीकडे लाटा उठवण्याचे कारण नाही.