नऊ किलोमीटरची वाट आणि एक वॉशर

मिशन दौऱ्याच्या तयारीच्या बैठकीत आम्हाला दोन गोष्टी ठामपणे सांगण्यात आल्या होत्या: जीप थेट गावातल्या प्रार्थनामंदिरापर्यंत जाते, आणि त्या गावात पिण्याच्या पाण्याची सोयच नाही. दोन्ही चुकीच्या निघाल्या. पहिल्या चुकीने टाचांची सालटी काढली, त्यावर आता खपली धरली आहे. दुसरीचा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि हा वृत्तांत त्या रागातच लिहिला आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

जीप ओढ्यापाशी थांबते आणि तेथून गाव ९ किलोमीटर आहे. उतरताना चालकाने 'सामान जास्त आहे' असे म्हणून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागितली, आणि आमचे ११ जणांचे २२ डाग पाहता त्याला खोटे पाडणे अवघड होते. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, या बायबलातल्या लूक १०:७ मधल्या शिकवणीची आठवण करून देऊन पाळकसाहेबांनी पैसे देऊन टाकले. मला ते पटले नाही. भाडे सामानासकट किती आणि नेमके कोठपर्यंतचे, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे. त्याच अध्यायात तीनच वचने आधी प्रभू येशूने शिष्यांना झोळीसुद्धा बरोबर घेऊ नका असे बजावले आहे. त्या वचनाची आठवण त्या दिवशी कोणाला झाली नाही.

ओढा गुडघाभर होता. पाठीवरच्या पिशवीचा कमरपट्टा पाण्यात उतरण्यापूर्वी सोडून ठेवावा, म्हणजे पाय घसरल्यास ओझे झटकून टाकता येते. पाणी गुडघ्याच्या वर जोरात वाहत असेल तर ओसरेपर्यंत खुशाल थांबावे. त्यानंतरचे ६ किलोमीटर सपाट आहेत. खरी परीक्षा शेवटच्या तिनांत आहे. ती चिकणमातीची चढण असून, आदल्या रात्रीच्या पावसाने तिचा असा लगदा झाला होता की प्रत्येक पावलागणिक बुटाला एकेक थर चिकटत जाई आणि दहा पावलांनंतर आपण कोणाचे पाय उचलत आहोत हेच कळेनासे होई. या तीन किलोमीटरांना आम्हाला अडीच तास लागले. तेथे पायवाटेच्या मधून चालू नये, कडेच्या गवतावरून चालावे, आणि हातात काठी असावी. सरावातले बूट आणि दिवसभर चालण्याची सवय ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी या दौऱ्यात नाव देऊ नये. आमच्यातल्या दोघांना गावकऱ्यांनी हात धरून वर नेले, आणि सेवेला आलेल्यांचीच सेवा गावाला करावी लागली.

आता त्या ओझ्याविषयी. गावात पाणी नाही असे कळल्यामुळे आम्ही पाणी गाळण्याचे १४ फिल्टर पाठीवरून नेले होते, त्यांतले ३ चढणीवर फुटले. वर पोहोचल्यावर गावच्या ख्रिस्ती मंडळीतल्या वडिलांनी, म्हणजे तिच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्याने, आम्हाला हातपंप दाखवला. तो इंडिया मार्क टू होता. १९७० च्या दशकात युनिसेफच्या सहभागाने सोलापूर पंपाच्या आराखड्यावरून घडलेला आणि पुढे कितीतरी देशांत पोहोचलेला हा पंप आमच्या आधीच्या एका गटाने तेथे बसवला होता. दांडा कितीही हलवला तरी बोटभर धार येई, कारण खाली सिलिंडरमधले, पाणी वर खेचणाऱ्या दट्ट्यावरचे वॉशर झिजले होते. वडिलांनी पत्रातही एवढेच कळवले होते. पत्रातला 'पंप बिघडला आहे' हा मजकूर तीन तोंडांतून आमच्या बैठकीपर्यंत येईतो 'पाणीच नाही' असा झाला. मुठीत मावणारी वस्तू हवी होती आणि आम्ही पोती वाहिली.

नुसते वॉशर नेऊनही भागले नसते, हेही सांगितले पाहिजे. मार्क टूचे वॉशर बदलायचे तर ३ मीटर लांबीचे लोखंडी पाइप एकेक करून सगळे वर ओढावे लागतात, त्यासाठी खास पाने आणि पकडी लागतात, चार-पाच माणसे लागतात आणि ते काम पूर्वी केलेला एक जण लागतो. नंतरच्या मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केल्यामुळे ते न काढता दट्ट्या वर ओढून घेता येतो. तेव्हा जाणाऱ्यांनी पंप कोणता, खोली किती आणि बिघाड काय, हे गावातल्याच माणसाशी थेट बोलून विचारावे. मधल्या संयोजकाच्या शब्दावर एक खिळासुद्धा खरेदी करू नये.

औषधांची गत याहून वाईट झाली. आमच्या मंडळीतल्या घराघरांतून गोळा केलेल्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या गावच्या आरोग्यसेविकेने चटईवर पसरल्या आणि त्यांतल्या बहुतेक शांतपणे बाजूला सारल्या. रुग्णाला एकदा दिलेली औषधे परत घेऊन दान करू नयेत, आणि पोहोचतेवेळी औषधाची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९६ च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितलेले आहे. रक्तदाबाच्या सात दिवसांच्या गोळ्या देऊन निघून येणे याला मी सेवा म्हणणार नाही. तसेच औषधाची रांग आणि प्रार्थनासभा यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. आम्ही पहिल्या दिवशी त्या एकत्र ठेवल्या, आणि प्रार्थनेला बसल्याखेरीज गोळी मिळणार नाही असा समज पसरायला एक सकाळ पुरली.

पुढचे चार दिवस चांगले गेले. मुलांचे वर्ग झाले, गाणी झाली, प्रार्थनामंदिराचे छप्पर शाकारून झाले. उतरताना वाट कोरडी होती आणि तीच चढण पाऊण तासात संपली.

पावसाळा ओसरल्यावर एक मिस्त्री गावात जाण्यास तयार झाला आहे. आमच्यातले दोघेच त्याच्याबरोबर जाणार असून, वॉशरचे दोन संच, पाने, पकडी आणि कोरडे मोजे एवढेच सामान ठरले आहे. जीपवाला तोच आहे, पण या वेळी भाडे ओढ्यापर्यंतचे ठरवले आहे.