आज हात वर गेला
आज वास्कोत मराठी उपासनेनंतर पाळकांनी विचारलं, "गुरुवारची प्रार्थनासभा कोण चालवणार?" आम्ही सगळे पुरुष एकदम चपलांकडे बघायला लागलो. संडे स्कूल बायका घेतात, आजाऱ्यांच्या भेटी बायका, उपास-प्रार्थना बायका. आम्ही खुर्च्या उचलतो, तेही बाहेर फुटबॉलच्या गप्पा संपल्यावर!

१६१६ साली याच गोव्यात, राशोलला, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. माणूस इंग्रज, ओव्या मराठी. आणि मला स्वतःच्या भाषेत पाच मिनिटं मोठ्यानं प्रार्थना करायची तर घाम फुटतो.

बायकोनं कोपर मारलं. हात वर गेला. (अर्धा तिनेच केला म्हणा.)

आता बायबलमधलं योहान २१ उघडून बसलोय. आपल्याला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राकडे येशूनं आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवली, तो अध्याय. वहीत अजून एकच ओळ झालीय.