वगळलेला द्रोण

नाशिकच्या मुलाला पुराचे माप शिकवावे लागत नाही. पाणी गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीपर्यंत चढले, यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात आणि आम्ही मुले शाळेला सुट्टी मिळेल की नाही ते ठरवत असू. आज नद्यांचे प्रवाह मोजणे हाच माझा व्यवसाय आहे आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर पाणी, हे मी झोपेतही सांगेन. तरीही गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आल्याचे कळताच घरी फोन करून मी आधी विचारतो ते मारुतीचेच.

सातवीत असताना, पूर ओसरल्यावर, विज्ञानाच्या सरांनी आमचा वर्ग गाडगे महाराज पुलाजवळच्या घाटावर नेला. सुतळीने 20 मीटर अंतर मोजून दोन खुणा केल्या, फुलवालीकडून पानांचे रिकामे द्रोण आणले आणि प्रत्येकाला एकेक द्रोण सोडून वेळ मोजायला सांगितले. माझा द्रोण काठाला घासला, स्वतःभोवती फिरला आणि रेंगाळत पुढे गेला. सरांनी तो मोजणीतून वगळला, याचे मला फार वाईट वाटले. मधल्या धारेला लागलेल्या द्रोणाला 25 सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला 80 सेंटिमीटर. ते वहीत लिहिताना मी विचारले, “सर, खालचे पाणीही एवढेच पळते का?”

सर बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मला ठाऊक नाही. तू शोध आणि मला येऊन सांग.”

साऱ्या वर्गासमोर असे म्हणणारा मोठा माणूस मी प्रथमच पाहत होतो. मोठे झाल्यावर सगळे ठाऊक असावे लागते, अशी माझी समजूत होती आणि तिचे मला ओझे वाटत असे. ते त्या घाटावर उतरले.

उत्तर अभियांत्रिकीच्या वर्गात मिळाले. तळाशी आणि काठाशी घर्षणामुळे पाणी मागे पडते, म्हणून तरंगत्या वस्तूचा वेग साधारण 0.85 ने गुणून प्रवाहाचा सरासरी वेग काढतात. सगळे सूत्र उतरवून घेत असताना मला काठाला घासलेला माझा द्रोण दिसत होता. ज्याला आम्ही चूक म्हणून वगळले, त्यानेच उत्तर दाखवले होते.

सुट्टीत सरांच्या घरी जाऊन हे सांगितले. सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि लगेच विचारले, “तळ खडकाळ असला, तर मग आकडा बदलत असेल?” बदलतो. तळाच्या खडबडीतपणाने बदलतो, खोलीनेही बदलतो. आम्ही दिवेलागणीपर्यंत त्यावरच बोलत बसलो.

आजही मोजणीच्या जागी प्रवाहमापक पाण्यात उतरवण्याआधी मी काठाजवळ एक पान सोडतो. बरोबरचे तरुण अभियंते पूर्वी नुसते थांबत असत. आता पान काठाला अडखळले की त्यांच्यातलेही एकदोघे पुढे वाकून पाहतात.