कोरडा माल कोरडाच पोहोचावा यासाठी: आमची वाटचाल

पोषणपूरक गोळ्या, कॅप्सूल आणि पावडरी बनवणाऱ्या कारखान्यांना लागणारा कच्चा माल मोठ्या प्रमाणात आणणे, तपासणे, मागणीप्रमाणे पुन्हा भरणे आणि पुढे पाठवणे, हा आमचा व्यवसाय. आमची संस्था लहान आहे. सुरुवातीला आम्ही तिघेच होतो आणि तेव्हा आमचे सगळे लक्ष मालाची शुद्धता, प्रमाणपत्रे आणि पुरवठ्याची वेळ यांवर असे. माल आमच्याकडे कोरडा आला आणि आम्ही तो कोरडा पाठवला, म्हणजे पलीकडेही तो कोरडाच पोहोचणार, असे आम्ही गृहीत धरले होते. हे गृहीतक चुकीचे असल्याचे आम्हाला एका मोठ्या नुकसानीतून कळले.

समुद्रमार्गे पाठवलेल्या एका मालात वनस्पतिअर्काचे आणि कोलीन बायटार्ट्रेटचे (कोलीन या पोषकघटकाच्या एका क्षाररूपाचे) २५ किलोचे ड्रम होते. ग्राहकाने ड्रम उघडले, तेव्हा अर्काची पावडर राहिलीच नव्हती. आत गडद तपकिरी रंगाचा एकसंध दगड झाला होता आणि तो पिशवीला असा चिकटला होता की पिशवी फाडूनच काढावी लागली. कोलीनच्या ड्रमांत कडेने ओलसर गुठळ्या झाल्या होत्या. कंटेनर गळका असावा, अशीच आमची पहिली समजूत झाली. पाहणी करणाऱ्याने कंटेनरमध्ये उभे राहून दारे बंद करून घेतली आणि कुठून उजेड येतो का ते पाहिले. एकही छिद्र सापडले नाही. खोक्यांवरच्या डागांची सिल्व्हर नायट्रेटने चाचणी केली, तर त्यांत क्षाराचा अंश नव्हता, म्हणजे पाणी समुद्राचेही नव्हते. बाहेरून पाणी आले नव्हते, तरीही वरच्या थरातील खोकी भिजलेली होती. मग हे पाणी आले कुठून, या प्रश्नाने आम्हाला काही आठवडे स्वस्थ बसू दिले नाही.

उत्तर मिळाले ते साध्या हिशेबातून. ३० अंश सेल्सिअसची पूर्ण संपृक्त हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरून ठेवते आणि २० अंशांची हवा सुमारे १७ ग्रॅम. वीस फुटी कंटेनरचे आतील आकारमान साधारण ३३ घनमीटर असते. याचा अर्थ, दार बंद करताना आतली हवा अगदी चिंब दमट असली, तरी तिच्यातले सारे पाणी जेमतेम एक लिटर भरेल. एवढ्याशा पाण्याने इतके नुकसान होणे शक्य नव्हते. पण ड्रमांखालच्या दहा लाकडी पॅलेटचे कोरडे वजन २०० किलो धरले आणि लाकडातील ओलावा प्रवासात २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला असे मानले, तर कंटेनरच्या हवेत १० लिटर पाणी सुटते. त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांमधला ओलावा आणखी मिळवावा लागतो. आमच्या मालाला भिजवणारे पाणी आम्हीच कंटेनरमध्ये चढवले होते आणि त्यावर दार लावून सील केले होते.

पुढचे काम दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने केले. दिवसा उन्हाने कंटेनरचा पत्रा तापतो, लाकडातून आणि पुठ्ठ्यातून बाष्प बाहेर पडते. रात्री छताचा पत्रा आधी थंड होतो आणि त्याचे तापमान आतल्या हवेच्या दवबिंदूखाली (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते, त्याखाली) गेले की छताला थेंब धरतात व खाली मालावर पडतात. वाहतुकीच्या व्यवसायात याला ‘कंटेनरमधला पाऊस’ म्हणतात. हे चक्र लांबच्या प्रवासात रोज घडू शकते.

म्हणून आमच्या पद्धतीतील पहिला बदल पॅलेटपासून झाला. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर उष्णताप्रक्रियेचा शिक्का असतो. त्या प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश ठेवतात. हा शिक्का लाकडातील किडींच्या बंदोबस्ताचा आहे. तो लाकूड कोरडे असल्याचा दाखला नाही, हे आम्हाला पूर्वी माहीत नव्हते आणि आजही अनेक अनुभवी पाठवणारे ही गल्लत करतात, असे मी पाहतो. आता प्रत्येक पॅलेटला ओलावामापक टोचून पाहिला जातो आणि १८ टक्क्यांहून अधिक आकडा दाखवणारा पॅलेट आम्ही परत करतो. जो माल विशेष नाजूक आहे, तो प्लॅस्टिकच्या पॅलेटवर जातो. कंटेनरमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या शोषक पट्ट्या टांगल्या जातात. हे रसायन हवेतील बाष्प ओढून घेताना स्वतः विरघळते, म्हणून त्याचे पाणी जेलच्या रूपात धरून ठेवणाऱ्या आणि न गळणाऱ्या पट्ट्याच आम्ही घेतो.

पॅलेट सुधारले, तरी वेष्टनाचा प्रश्न शिल्लक होता आणि तो समजायला अधिक वेळ लागला. पॉलिथिनच्या पिशवीतून पाणी जात नाही, हे डोळ्यांना दिसते; पण पाण्याची वाफ तिच्यातून जाते, हे दिसत नाही. उष्ण आणि दमट हवेत साध्या पॉलिथिनच्या एका चौरस मीटरमधून दिवसाला काही ग्रॅम बाष्प आत शिरू शकते. पिशवीची जाडी दुप्पट केली, तर हा वेग साधारण निम्मा होतो, थांबत नाही. आम्ही पिशवीत सिलिका जेलची १०० ग्रॅमची पुडी टाकून निश्चिंत होत असू. पण अशा पिशवीत ती पुडी काही आठवड्यांत भरून जाते आणि त्यानंतर तिचा उपयोग उरत नाही. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या लॅमिनेट पिशवीतून मात्र बाष्प जवळजवळ जातच नाही. त्यामुळे नाजूक मालासाठी आत खाद्यदर्जाची पॉलिथिन पिशवी, बाहेर ॲल्युमिनियम लॅमिनेट, दोन्हींच्या मध्ये शोषक पुडी आणि आर्द्रता दाखवणारे कार्ड, अशी रचना आम्ही ठरवली. बाहेरच्या पिशवीचे तोंड पिळून बांधण्याऐवजी उष्णतेने सील केले जाते. पिळून बांधलेले तोंड कितीही घट्ट दिसले, तरी त्याच्या घड्यांमधून हवेची ये-जा चालूच राहते.

शोषक पुड्यांच्या बाबतीत आमची एक चूक दीर्घकाळ चालू राहिली, ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. पुड्यांचे मोठे पाकीट सकाळी फोडायचे आणि त्यातल्या पुड्या दिवसभर भरणाच्या टेबलावर उघड्या ठेवायच्या, अशी आमची पद्धत होती. पिशवीत जाण्याआधीच त्या पुड्या खोलीतील हवेचा ओलावा शोषून अर्ध्यामुर्ध्या निकामी झालेल्या असत. आता पाकिटे लहान घेतली जातात आणि एका वेळी एकच फोडले जाते. निळ्यावरून गुलाबी होणारे सिलिका जेल आम्ही पूर्णपणे बंद केले, कारण त्यातील कोबाल्ट क्लोराइड कर्करोगकारक मानले जाते आणि लोकांच्या पोटात जाणाऱ्या मालाच्या आसपासही ते असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या सगळ्यापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते ते आमचे ‘ओलाव्याचे वहीखाते’. प्रत्येक घटक ओलाव्याशी वेगळ्या रीतीने वागतो आणि पुरवठादाराच्या कागदावर बहुधा ‘कोरड्या जागी ठेवावे’ एवढेच लिहिलेले असते. आम्ही हवाबंद झाकणाचे दोन डबे घेतले. एकात साध्या मिठाचा पाण्यातील संपृक्त लगदा ठेवला, दुसऱ्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा. २५ अंश तापमानाला पहिल्या डब्यातील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते आणि दुसऱ्यातील सुमारे ३३ टक्क्यांवर. या डब्यांत प्रत्येक घटकाचा चमचाभर नमुना उघड्या बशीत ठेवून आम्ही रोज त्याचे वजन करू लागलो आणि वजनासोबत त्याचा रंग, गुठळ्या आणि चिकटपणा यांची नोंद करू लागलो. या साध्या प्रयोगाने जे शिकवले, ते महागड्या सल्ल्यातूनही मिळाले नसते. एल-कार्निटीन हा पोषकघटक मूळ रूपात किती झपाट्याने पाणी ओढतो आणि त्याचेच टार्ट्रेट रूप किती संयमाने वागते, हे शेजारी ठेवलेल्या दोन बशांत दिसले. कोलीन क्लोराइडचा तर अक्षरशः पाक झाला. त्यानंतर, ग्राहकाला चालत असेल तेथे घटकाचे कमी ओलावाशोषक रूप सुचवणे, हा आमच्या कामाचा भाग बनला. वेष्टनावर कितीही खर्च केला, तरी त्याची बरोबरी योग्य रूपाच्या निवडीशी होत नाही, असे मी अनुभवाने म्हणतो.

वनस्पतिअर्कांचा त्या प्रवासात दगड का झाला, हेही या नोंदींमुळे समजले. स्फटिकरूप पावडरीत बाष्पामुळे कणांचे पृष्ठभाग किंचित विरघळतात, शेजारच्या कणांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि हवा पुन्हा कोरडी झाली की हेच पूल वाळून घट्ट होतात. फवारून वाळवलेले अर्क मात्र स्फटिकरूप नसतात. त्यांची रचना काचेसारखी असते. अशा पदार्थात थोडे पाणी शिरले, तरी तो मऊ होण्याचे तापमान खाली येते. ते खोलीच्या तापमानाखाली उतरले की कण चिकट होऊन एकमेकांत मिसळतात. खालच्या थरातील पिशव्यांवर वरचे वजन असते, म्हणून त्या आधी बसतात. या कारणास्तव अर्काच्या पिशव्या आम्ही उंच रचत नाही.

मोजमापाच्या पद्धतीतही आम्हाला बरेच शिकावे लागले. क्रिएटिन मोनोहायड्रेटमध्ये सुमारे १२ टक्के पाणी स्फटिकाचाच भाग म्हणून असते. ते मालाला ओले करत नाही, पण १०५ अंशांवर वाळवून घट मोजली, तर आकडा मोठा दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. आमच्याकडेही एक चांगला लॉट याच कारणाने काही दिवस विनाकारण अडकून पडला होता. घटकात एकूण पाणी किती आहे, हे कार्ल फिशर या रासायनिक चाचणीच्या पद्धतीने नेमके कळते. परंतु त्यातले किती पाणी मोकळे आहे आणि उपद्रव करू शकते, हे वॉटर ॲक्टिव्हिटी सांगते. हे माप शून्य ते एक या श्रेणीत असते आणि ते ०.६० च्या खाली असेल, तर बुरशी व जिवाणू वाढू शकत नाहीत. गुठळ्या आणि रासायनिक बिघाड मात्र याहून बऱ्याच कमी पातळीवरही सुरू होतात. गोठवून वाळवलेल्या प्रोबायोटिक जिवाणूंना तर ०.२ च्या आसपास किंवा त्याहून कोरडे वातावरण लागते, नाहीतर त्यांची जिवंत संख्या साठवणीत घटत जाते. वॉटर ॲक्टिव्हिटीचे यंत्र घेणे त्या वर्षी आमच्या ऐपतीच्या काठावर होते. ते घेतल्याचा मला आजही आनंद आहे.

गोदामातील सुधारणा तुलनेने सरळ होत्या: आर्द्रता नियंत्रित ठेवणारे यंत्र, दारांना दुहेरी अडसर, भिंतीपासून मोकळे अंतर आणि सतत नोंद घेणारे मापक. शीतखोलीत मात्र आम्ही एकदा फसलो. थंड ड्रम बाहेर काढून लगेच उघडला आणि खोलीतील दमट हवेचे दव थेट पावडरीवर धरले. माल महिनोन्‌महिने सुरक्षित ठेवून शेवटच्या पाच मिनिटांत खराब केल्याची ती खंत मला अजून आहे. आता शीतखोलीतून काढलेला ड्रम सीलबंद अवस्थेतच एक पूर्ण दिवस खोलीच्या तापमानाला ठेवतात आणि मगच उघडतात.

मिश्रणांबाबतचा धडा सर्वांत उशिरा मिळाला. दोन स्फटिकरूप, पाण्यात विरघळणारे घटक स्वतंत्रपणे ज्या आर्द्रतेला कोरडे राहतात, त्याच आर्द्रतेला त्यांचे मिश्रण ओले होऊ शकते. कारण एकमेकांच्या संपर्कात त्यांचा पाझरण्याचा उंबरठा, म्हणजे ज्या आर्द्रतेला पदार्थ बाष्प ओढून विरघळू लागतो ती पातळी, दोघांच्याही स्वतंत्र उंबरठ्याखाली जातो. त्यामुळे वहीत आता मिश्रणांसाठी वेगळी पाने आहेत आणि जी मिश्रणे ७५ टक्क्यांच्या डब्यात टिकत नाहीत, ती तयार करून पाठवण्याऐवजी घटक वेगवेगळे पाठवावेत, असा आमचा आग्रह असतो. काही मागण्या त्यामुळे आमच्या हातून गेल्या आहेत.

सध्या आमचे लक्ष आहे ते ग्राहकाकडे अर्धा वापरून ठेवलेल्या ड्रमवर. तिथपर्यंत आमचे वेष्टन पोहोचते, पण आमचा हात पोहोचत नाही. २५ किलोच्या ड्रममधून रोज दोन किलो माल काढला जात असेल, तर तो बारा-तेरा वेळा उघडला जातो आणि २५ किलोमध्ये एक टक्का ओलावा वाढणे म्हणजे पाव किलो पाणी आत जाणे. तेवढ्याने घटकाचे प्रमाणही कमी भरते आणि कॅप्सूलमागचा हिशेब चुकतो. म्हणून सर्वांत नाजूक असलेले घटक आम्ही ५ किलोच्या वेगवेगळ्या सीलबंद पिशव्यांत भरून एकाच ड्रममध्ये देऊ लागलो आहोत आणि तपासणीचा नमुना बाहेर स्वतंत्र छोट्या पाकिटात ठेवतो, म्हणजे नमुन्यासाठी मुख्य पिशवी फोडावी लागत नाही. काही ड्रमांत तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी लहान यंत्रे ठेवली आहेत. ग्राहक ती आम्हाला परत पाठवतात आणि त्यांतील आकडे वहीत उतरवण्याचे काम या आठवड्यातही चालू आहे.