एका बाईचे अठ्ठ्याऐंशी ऊर्फ

मी दर ठिकाणी वेगळा ईमेल पत्ता का देते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "ताई, हा ईमेल नक्की तुमचाच ना?" हा प्रश्न मला काउंटरवर महिन्यातून एकदा तरी येतो. चष्म्याच्या दुकानात दिलेल्या पत्त्यात 'चष्मा' असतं, डेंटिस्टकडच्या पत्त्यात 'दात'. घरचे तर विचारतातच, की एका बाईला एवढे ईमेल कशाला? काही लपवायचंय का?

लपवायचं तर आहेच. पण त्याहून जास्त मला शोधायचं असतं.

आमच्या आईच्या प्रत्येक पातेल्यावर बाबांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आहे. कार्यासाठी शेजारी गेलेलं भांडं त्या नावामुळे परत येतं. मी ईमेलचं उलट करते. भांडं ज्याला देते, त्याचं नाव त्यावर घालते. दोन वर्षांपूर्वी घरांच्या एका प्रदर्शनात नोंदणी करताना 'घर' असलेला पत्ता दिला. फ्लॅट काही घेतला नाही. पंधरवड्यात त्या पत्त्यावर मॉड्युलर किचनवाले आले, गृहकर्जवाले आले आणि पाठोपाठ एक वास्तुतज्ज्ञ. तो पत्ता मी दुसऱ्या कुणालाच दिलेला नव्हता, त्यामुळे माझं भांडं कुणाच्या घरातून फिरलं हे विचारत बसावं लागलं नाही. तेवढा पत्ता बंद करून टाकला. वास्तुतज्ज्ञ अजूनही लिहीत असतील, मला दिसत नाही.

यामागची सोय साधी आहे. सिंपललॉगिन, ॲडी डॉट आयओ, मोझिलाचं फायरफॉक्स रिले, ॲपलचं 'हाइड माय ईमेल' या सगळ्या सेवा तुम्हाला वेगवेगळे पत्ते काढून देतात आणि त्यांवर आलेली मेल तुमच्या खऱ्या इनबॉक्समध्ये पोचवतात. पोलिसांच्या भाषेत 'अमुक ऊर्फ तमुक'. रिलेवर फुकटात पाच ऊर्फ मिळतात, सिंपललॉगिनवर दहा. डकडकगो या सर्च इंजिनची सेवा वाटेत मेलमधले ट्रॅकरही काढून टाकते, म्हणजे मेल तुम्ही कधी उघडली याची चुगली पाठवणाऱ्याकडे करणारी ती न दिसणारी चित्रं.

माझा भाचा म्हणतो, "मावशी, जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून हवा तो शब्द जोडता येतो. एवढा खटाटोप कशाला?" येतो ना. पण त्या चिन्हापासूनचं खोडलं की माझा मूळ पत्ता उघडा पडतो, आणि याद्या विकून पोट भरणाऱ्याला एवढी अक्कल असतेच.

शिवाय खरा त्रास जाहिरातींचा नाहीच. औषधांचं ॲप, विवाहाची साइट, विमा कंपनी या तिघांकडे एकच पत्ता असला, की तिन्ही याद्या शेजारी ठेवायच्या आणि तुमची कुंडली तयार. त्यातून एखाद्या ठिकाणचा पासवर्ड फुटला, तर तीच जोडी घेऊन चोर इतर दारंही ठोठावून बघतो. ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर आपला पत्ता कुठकुठल्या गळतीत सापडलाय ते पाहता येतं. माझा कॉलेजपासूनचा पत्ता टाकला तर सात निघाल्या. त्यातल्या दोन साइट्सवर मी कधी गेले होते, हेच मला आठवेना.

बँक, आयकर, डिजिलॉकर यांना मात्र मी माझा खरा पत्ता देते. तिथे माझं नाव-गाव त्यांच्याकडे असतंच, लपून काय मिळवायचं? आणि आपल्याकडे मोबाइल नंबरापुढे हे सगळं तोकडंच पडतं. चष्मेवाल्याला 'चष्मा' सांगून मी मिशीत हसावं (असती तर), तर तो म्हणतो, "आता नंबर सांगा, ओटीपी येईल." सांगते. त्याला ऊर्फ मला अजून जमलेलं नाही.

दुसरी गोष्ट, ऊर्फ देणाऱ्याकडे सगळ्यांचा माग असतो. फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी 1993 मध्ये अशीच निनावी मेल पोचवणारी सेवा काढली होती, 'पेनेट'. लोकांचा त्यांच्यावर भरवसा होता आणि तो अस्थानी नव्हता. तरी 1995 मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्या पंथाच्या तक्रारीवरून पोलीस आले आणि एका वापरकर्त्याचा खरा पत्ता त्यांना द्यावाच लागला. पुढच्या वर्षी त्यांनी सेवाच बंद केली. म्हणून मी फुकट मिळालेले ऊर्फ फुटकळ कामांना वापरते. सेवा बंद पडली तरी हातचं जाऊ नये असं जे वाटतं, ते स्वतःच्या डोमेनवर ठेवते, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणारं नाव मीच विकत घेतलेलं असतं. तिथे पत्ता माझा, सेवा पटली नाही तर दुसरीकडे हलवता येते.

डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. त्याची आठवण करून देणारी मेल पहिल्या वर्षी मी त्याच डोमेनवरच्या पत्त्यावर मागवली होती. किल्ली आत टेबलावर ठेवून लॅचचं दार ओढून घेण्यातला प्रकार. मुदत संपायला चार दिवस असताना सहज बघितलं म्हणून कळलं. आता ती एक मेल कॉलेजच्या त्या जुन्या, सात ठिकाणी गळलेल्या पत्त्यावर येते.