पंच्याखालचे दिवे

आमच्या शहापूरच्या घरी बुद्धिबळाचा एक जुना संगणक आहे. पुण्याच्या आतेभावानं टाकायला काढला होता, मी बेळगावला उचलून आणला. पटाच्या दोन कडांना आठ-आठ लाल दिवे. उभ्या-आडव्या ओळीचा एकेक दिवा लागला की त्या जिथं भेटतात ते घर. त्याचं बोलणं एवढंच.

ठरलेल्या खेळ्यांत पांढऱ्यानं काळ्या राजाला मात द्यायची, अशी कोडी सोडवायला तो बरा. दर वेळी 35 खेळ्या शक्य धरल्या, तर दोन खेळ्यांत मात द्यायच्या कोड्यात (पांढरा, काळा, परत पांढरा) 43 हजारांच्या आसपास वाटा होतात. तीन खेळ्यांची मात म्हटलं की हिशेब पाच कोटींवर जातो. 1951 साली मँचेस्टरला डीट्रिच प्रिन्झ यांनी फेरांटी मार्क 1 या संगणकावर दोन खेळ्यांचं कोडं सोडवून घेतलं, तेव्हा त्या धुडाला सुमारे 15 मिनिटं लागली होती.

मोबाईलमधल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामांची, म्हणजे इंजिनांची तऱ्हा वेगळी. वेळ वाचवायला ती असं धरून चालतात की, एखाद्यानं आपली खेळी सोडून दिली तरी त्याचं बरं चाललंय, तर त्या वाटेनं खोल जायला नको. एरवीच्या डावात ठीक आहे. कोड्यात मात्र काळा पुष्कळदा हलावं लागतं म्हणूनच मरतो. गप्प बसायची मुभा असती तर वाचला असता. (आमच्या गल्लीतल्या भांडणातही जो आधी तोंड उघडतो तोच अडकतो.) अशा ठिकाणी ती हुशारी अंगाशी येते.

गेल्या पावसाळ्यात जुन्या मासिकातलं तीन खेळ्यांचं एक कोडं पटावर मांडलं, संगणक चालू केला आणि झोपलो. बाहेर धो धो पाऊस. सकाळी बघतो तर दिवे अजून लुकलुकतायत. तिनात मात सापडेना म्हणून बिचारा चारात शोधत बसलेला.

आण्णा चहाचा कप घेऊन आले. त्यांना त्या यंत्राचं कधीच कौतुक नव्हतं. उभ्या उभ्या पटाकडं बघून म्हणाले, "हे घोडं हितं का बसलंय? काम काय त्याचं?"

"छापलंय तसंच मांडलंय की, आण्णा."

"बघ परत. कोड्यात बिनकामाचं कोण बसत नाही."

बघितलं. घोडा एक घर चुकला होता. रात्रभर लाखो वाटा तुडवताना यंत्राला एकदाही त्या घोड्याचा संशय आला नाही, आणि आण्णांनी तर एकही खेळी मोजली नव्हती.

घोडा जागेवर ठेवून संगणक परत चालू केला. आण्णांनी खांद्यावरचा पंचा काढून दिव्यांवर टाकला आणि खुर्ची ओढली. "तू वजिराकडनं बघ, मी उंटाकडनं बघतो."

जेवायला बसलो तेव्हा आतून पीक पीक आवाज आला. आई वाढता वाढता म्हणाली, "ते ओरडायलंय बघा की."

"ओरडू दे," आण्णा म्हणाले, "भात वाढ."