आहुप्याचा बाळहिरडा

मे महिन्यात आहुपे घाट उतरायला निघणाऱ्याला लोक वेडा म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. सकाळी नऊलाच ऊन असं चढलं की खाली खोपिवली गावात उतरायचा बेत कड्यावरच सोडला. पाच मिनिटं दरी पाहिली, फोटो काढले, झालं.

मग अख्खी दुपार जिथे जेवलो त्या आजींच्या ओट्यावर. अंगणभर बाळहिरडा वाळत घातलेला. आत बी धरायच्या आधीच झाडावरून काढलेला, मनुकांसारखा सुरकुतून काळा पडत चाललेला. मी सॅकमधून ग्रीन टीची पाकिटं काढली (हो, डोंगरातसुद्धा!) आणि गरम पाणी मागता मागता अँटिऑक्सिडंटवर प्रवचन सुरू केलं. आजींनी निमूट ऐकलं, विळीवर एक ओला हिरडा चिरला आणि फोड पुढे केली.

"चाव. थुकू नको."

तोंड असं आवळलं की जीभ टाळूला चिकटली. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लाळेतली प्रथिनं धरून बसतं, म्हणून ही कोरड.

"आता पाणी पी."

माठातलं साधंच पाणी, पण गोड! लहानपणी आवळा खाऊन हेच करायचो.

तेवढ्यात विळीकडे लक्ष गेलं. फोड टेकली होती तिथे पात्यावर निळसर काळा डाग. टॅनिननं लोखंड पकडलं की शाई होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून करायचे ती हीच. गंमत म्हणजे अँटिऑक्सिडंटचं एक काम नेमकं हेच. सुटं लोखंड बांधून ठेवायचं, म्हणजे ते पेशींना छळणारे फ्री रॅडिकल तयार करत नाही. ग्रीन टीच्या पाकिटावर नुसता शब्द होता, इथे तो डोळ्यांना दिसत होता. अर्थात परीक्षानळीत जमतं ते पोटात किती जमतं, हा प्रश्न वेगळा. मी उत्साहात आणखी तीन हिरडे चावले. हिरडा सारक असतो, हे रात्री तिसऱ्यांदा उठताना आठवलं.

शाईचं, लोखंडाचं सगळं आजींना सांगितलं. त्यांना त्यात फार रस नव्हता. त्यांच्या डोक्यात अजून जून २०२० चं निसर्ग वादळ होतं. हिरडा पार झोडपला, आणि भरपाईसाठी हेलपाटे. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग याच्यानं व्यापारी भाव वाढवून देईल का?"

मी म्हटलं, "नाही, आजी."

"मंग उठ, तुझ्या बाजूचं वाळवण हालव जरा."